फुगवलेल्या कातड्यांवरून बसऱ्यापर्यंत

ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातले एक शिल्पपट आहे. काळ इ.स.पू. नवव्या शतकाचा, राजा दुसरा अशुरनासिरपाल. काठावरून धनुर्धारी बाण सोडत आहेत आणि काही पळपुटे नदीतून गावाकडे निघाले आहेत. दोघांच्या पोटाखाली फुगवलेले कातडे आहे आणि त्याचे तोंड त्यांनी स्वतःच्या तोंडात धरले आहे. पोहता पोहता हवा भरणे चालू आहे! पखाल पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून द्यावे लागत नाही.

अशीच शेकडो बकऱ्यांची कातडी एकत्र बांधून त्यांवर लाकडी वासे टाकले की टायग्रिसवरचा ‘केलेक’ तयार होतो. आपल्याकडे वाळक्या भोपळ्यांची सांगड होती, तिचाच हा थोरला भाऊ. उथळ पाणी, मध्ये खडक. लाकडी होडीचा तळ तिथे फुटला तर सगळेच बुडाले. केलेकचे एखादे कातडे फाटले तर फार बिघडत नाही, बाकीची तोलून धरतात.

खरी अडचण परतीची. प्रवाह जोराचा, उलटे वर येणे अशक्य. म्हणून बगदादला पोचल्यावर माल विकायचा, वासेही विकायचे (खाली लाकडाला भाव चांगला), कातड्यांतली हवा सोडून ती गाढवांवर लादायची आणि पायवाटेने घरी. हिरोडोटसने बाबिलोनच्या होड्यांचे असेच वर्णन केले आहे; होडीतच गाढव बसवून आणत, असे तो म्हणतो. त्याच्या होड्या मात्र गोल, कातड्याने मढवलेल्या आहेत. माझ्या मते त्याने दोन वेगळी साधने एकात मिसळली. मोडून विकण्याचा व्यवहार केलेकलाच शोभतो.

इ.स.पू. 401 मध्ये माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्यापुढे ऱ्होडसच्या एका सैनिकाने दोन हजार कातड्यांचा पूल बांधण्याची योजना मांडली होती. मोबदला मागितला एक टॅलंट. सेनापतींना कल्पना आवडली, पण पलीकडच्या तीरावर शत्रूचे घोडदळ उभे होते. झेनोफनने हे लिहून ठेवले म्हणून तो सैनिक आपल्याला माहीत. नाव मात्र त्यानेही दिलेले नाही.

आता 1847 चा एप्रिल. ऑस्टिन हेन्री लेयार्डला निमरूदचे पंखधारी बैल आणि सिंह बसऱ्याला न्यायचे होते. कित्येक टनांचे दगड. शिवाय केलेक बगदादच्या खाली जात नसत, त्यामुळे तराफेवाले तयार होईनात. अखेर कर्जात बुडालेला एकजण राजी झाला. प्रत्येक तराफ्याला सहाशे कातडी, तीही माणसांनी तोंडाने फुंकून भरलेली. आधीच्या काही पेट्या मुंबईमार्गे गेल्या होत्या. तिथे त्या उघडून मूर्तिकाम लोकांना दाखवलेही गेले.

इंग्रज प्रवाशांच्या लेखनात केलेकला ‘रानटी’, ‘आदिम’ ही विशेषणे सर्रास भेटतात. पण जिथे मूळ शिल्पपटात फुगवलेले कातडे कोरले होते, त्याच राजवाड्यातले बैल-सिंह तसल्याच कातड्यांवर बसून बसऱ्याला पोचले. अडीच हजारांहून अधिक वर्षांत त्या नदीसाठी याहून सोयीचे वाहन कोणी आणले नव्हते.