पंचांग, छापखाना आणि कुलपरंपरागत समजुती : गिरगावातील फणसवाडीच्या परिसरासंबंधी एक टिपण

लोकभ्रम हे घराण्यातून उतरत येतात, आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे तोंडी जातात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु ज्या समजुतींचा मनुष्याच्या जन्माशी व विवाहाशी निकटचा संबंध आहे, त्यांच्या बाबतीत ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मांजर आडवे गेल्यास किंवा कोणी शिंकल्यास निघणारा मनुष्य क्षणभर थांबतो आणि पुढे जातो; मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीचे लग्न मात्र मोडते. पहिल्या समजुतीला स्मृती पुरते, दुसरीला गणित लागते. आणि गणित घरात नसते, ते बाहेरून आणावे लागते. ते कोठून आले, याचा शोध घेण्यास मुंबईतील गिरगावचा परिसर, आणि त्यातही फणसवाडीसारखी वस्ती, विशेष उपयुक्त आहे.

फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावेच या भागाचे पूर्वीचे बागायती स्वरूप सांगतात. १८५३ मध्ये आगगाडी आली, १८५६ मध्ये कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. सरकारी कचेऱ्या, पेढ्या, शाळा व छापखाने यांतून नोकऱ्या निर्माण झाल्या आणि कोकणातील कुटुंबे या वाड्यांतून उभ्या राहिलेल्या चाळींत येऊन राहू लागली. वस्ती एकजिनसी राहिली नाही. फणसवाडीतच दाक्षिणात्य पद्धतीने पूजाअर्चा चालणारे वेंकटेशाचे मंदिर उभे आहे. गाव सोडताना या कुटुंबांनी कुलदैवताचा टाक, आजीच्या आठवणी आणि घरचे कुळाचार बरोबर आणले. ग्रामदैवत मात्र मागे राहिले, आणि गावचा जोशीही मागे राहिला.

या जोश्याचे स्थान नीट ध्यानात घेतले पाहिजे. वर्षारंभी पंचांग वाचून दाखविणे, तिथी-वार सांगणे, मुलाचे नाव व लग्नाचा मुहूर्त काढणे हे वतनदार जोश्याचे काम होते. बहुसंख्य शेतकरी कुटुंबांत लेखी जन्मपत्रिका नसे. नावाच्या आद्याक्षरावरून रास ठरवून जोशी घटित जुळवी. त्याचा अधिकार जाचक होता यात संशय नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून द्रव्य उकळणारा जोशी दाखविला आहे. परंतु त्या भीतीला एक मर्यादा होती. जोशी समोरचा मनुष्य असे, त्याच्याशी घासाघीस करता येई. नावरास अडचणीची ठरली तर नाव बदलून काम भागविता येई. अशी तडजोड छापील कोष्टकाशी करता येत नाही.

छापील पंचांगाचा उगमही याच शहरातला आहे. १८१६-१७ च्या सुमारास अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना घातला. हिंदू लोकांच्या धर्मसमजुती खोडून काढणारी छोटी मराठी पुस्तके त्यातून निघू लागली. याच छापखान्यात गणपत कृष्णाजी या कारागिराने मुद्रणकला हस्तगत केली आणि पुढे स्वतःचा शिळाछापखाना काढून मराठी पंचांग छापले. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात त्याची हकीकत दिली असून, छापील कागदास स्पर्श करण्यास कचरणारे लोक त्या वेळेपर्यंत होते असेही नमूद केले आहे. शाईत चरबी असते हा आक्षेपाचा मुद्दा होता. म्हणून धार्मिक पुस्तकांसाठी गणपत कृष्णाजीने चरबीऐवजी तूप घातलेली शाई वापरली, अशी माहिती मिळते. म्हणजे सोवळ्याच्या एका समजुतीला मान देऊन दुसऱ्या अनेक समजुतींच्या प्रसाराचा मार्ग मोकळा करण्यात आला. पुढे जावजी दादाजी यांनीही अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी केली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना स्थापन केला आणि फणसवाडीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावरील काळबादेवीच्या भागातून निर्णयसागर पंचांग घरोघर पोहोचू लागले.

छापील पंचांगात केवळ तिथी, वार, नक्षत्र, योग व करण ही पाच अंगे नसत. संक्रांतीचे फल, विवाहमुहूर्त, गुणमेलनाचे कोष्टक, अंगावर पाल पडल्याचे फल असा मजकूर त्याला जोडलेला असे. हा मजकूर आजीच्या स्मृतीतून आलेला नाही. त्यातील शकुनविचाराची परंपरा सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’पर्यंत मागे जाते, आणि विवाहविषयक नियमांचा मोठा भाग १६०० मध्ये रामदैवज्ञाने काशी येथे रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’सारख्या ग्रंथांत सापडतो. जे पंडितांच्या पोथीत होते ते काही आण्यांत चाळीच्या खोलीत आले. एकदोन पिढ्यांत घरातील वडीलधारी स्त्री ते स्वतःच्या आठवणीतून सांगू लागली आणि तिच्या मुखातून आल्यामुळे ते ‘आपल्या घराण्याचे’ ठरले. मुद्रित मजकूर पुन्हा मौखिक होण्याची ही क्रिया लोकसमजुतींच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. जॅक्सनने शाळामास्तरांकडून जमविलेली आणि एंथोवेनने १९१५ मध्ये संकलित करून प्रसिद्ध केलेली कोकणातील लोकसमजुतींची टिपणे वाचताना हीच सावधगिरी बाळगावी लागते. माहिती देणारा शाळामास्तर स्वतः साक्षर व पंचांगाचा वाचक होता.

मुद्रणाने समजूत पसरविली. परंतु त्याच मुद्रणाने तिच्यातील विसंगतीही उघडी केली. महाराष्ट्रातील जुनी पंचांगे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथावरून होत. त्यातील गणित आकाशाशी जुळेनासे झाले तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून पाश्चात्त्य वेधांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग सुरू केले. नक्षत्रचक्राचा आरंभ कोठे धरावा हा वाद त्यातून वाढला. १९०४ मध्ये मुंबईस व १९२० मध्ये सांगलीस त्यासंबंधी परिषदा भरल्या. लोकमान्य टिळकांचा या चळवळीत पुढाकार होता. टिळक पंचांगाने रेवतीपक्ष धरला. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने चित्रापक्ष मान्य केला आणि १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्याप्रमाणे निघू लागले. आज प्रचारात असलेली बहुतेक मराठी पंचांगे चित्रापक्षाची आहेत. टिळक पंचांग मानणारी कुटुंबेही, विशेषतः कोकणाशी संबंध असलेली, आहेत.

या दोन पक्षांतील अंतर सुमारे ४ अंशांचे आहे. चंद्र हे अंतर सुमारे सात तासांत तोडतो. एका नक्षत्राचा विस्तार १३ अंश २० कला व त्याच्या एका चरणाचा ३ अंश २० कला. आता मूळ नक्षत्राचा प्रचलित नियम घेऊ. पहिल्या चरणावर जन्मलेले अपत्य पित्यास, दुसऱ्यावरचे मातेस, तिसऱ्यावरचे धनास अनिष्ट, आणि चौथ्यावरचे शुभ, असा तो नियम आहे. दोन पंचांगांतील अंतर एका चरणाहून अधिक असल्यामुळे चरणाच्या बाबतीत त्यांचे एकाही अपत्याविषयी एकमत होणे शक्य नाही. चित्रापक्षाने जे मूल पित्यास घातक, ते रेवतीपक्षाने मातेस किंवा धनास घातक. चित्रापक्षाने मूळ नक्षत्राचे जे शेवटचे सात तास, त्यांत जन्मलेली मुलगी रेवतीपक्षाने मूळ नक्षत्रावरची नव्हेच, ती पूर्वाषाढेची. म्हणजे एका पंचांगाने मूळावर ठरणाऱ्या दर दहा मुलींपैकी सुमारे तीन दुसऱ्या पंचांगाने निर्दोष ठरतात.

यात फलज्योतिषाची सत्यासत्यता तपासण्याचेही कारण उरत नाही. मूळ सासऱ्यास, आश्लेषा सासूस, ज्येष्ठा थोरल्या दिरास व विशाखा धाकट्या दिरास वाईट, ही समजूत सरसकट पाळली तर २७ पैकी ४ नक्षत्रे, म्हणजे जवळजवळ दर सात मुलींमागे एक मुलगी, विवाहास सदोष ठरते. त्यांपैकी कोणती मुलगी सदोष, हे जन्माच्या क्षणाने नव्हे, तर घरात कोणते पंचांग विकत आणले आहे याने ठरते.

गिरगावच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई महापालिकेने जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत टिकवून धरली. दोहोंत ३९ मिनिटांचे अंतर होते. या अर्धशतकात चाळीत जन्मलेल्या मुलाची वेळ कोणत्या घड्याळाची लिहिली गेली, याचा उल्लेख पत्रिकेत नसेल तर ती वेळ संदिग्ध राहते. एक लग्नरास क्षितिजावर सरासरी दोन तास असते. तेव्हा ३९ मिनिटांच्या फरकाने सुमारे एकतृतीयांश पत्रिकांत लग्नच बदलू शकते, आणि त्याबरोबर लग्नावरून पाहिला जाणारा मंगळाचा दोषही बदलतो.

असे असता ही समजूत टिकली कशी? याचे उत्तर केवळ अज्ञान हे नव्हे. १८४९ च्या परमहंस मंडळीपासून १८६७ च्या प्रार्थना समाजापर्यंत सुधारणेच्या चळवळी याच शहरात झाल्या. प्रार्थना समाजाचे मंदिर तर गिरगावातच आहे. तथापि जातिभेद, मूर्तिपूजा, विधवांची स्थिती हे त्यांचे मुख्य विषय होते. पंचांग हे घरातील व्यवहाराचे पुस्तक म्हणून बव्हंशी टीकेबाहेर राहिले. शिवाय शहरात परस्परांना न ओळखणाऱ्या कुटुंबांत सोयरीक होऊ लागली, तेव्हा गावातील ओळखीची जागा पत्रिकेने घेतली असावी असे अनुमान करता येते. नकार देण्यास ती सोयीचीही होती. हुंडा, रंग, शिक्षण यांचे कारण तोंडावर सांगता येत नाही, नक्षत्राचे सांगता येते. नकाराचा दोष सांगणाऱ्यावर येत नाही. तो मुलीच्या जन्मवेळेवर जातो आणि तिलाच आयुष्यभर वागवावा लागतो.

महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. अनिष्ट व अघोरी प्रथांचा त्यात समावेश आहे; जोशी-ज्योतिष्यांचा सल्ला मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. कायद्याने शारीरिक क्रौर्य रोखता येते. सौम्य शब्दांत दिलेला नकार रोखता येत नाही. तेथे इतिहासाचाच उपयोग होण्यासारखा आहे. जी समजूत ‘आमच्या घराण्यात पूर्वीपासून’ आहे असे सांगितले जाते, ती त्या घरात कोणत्या पंचांगातून व कोणत्या पिढीत आली, हे विचारता येते. फणसवाडीच्या परिसरात या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आजीच्याही आजीपर्यंत जाणार नाही. ते जवळच्याच एखाद्या छापखान्यापाशी थांबेल.