कझिन म्हंजे कोन लागते?

परवा दारव्ह्याला तेरवीला जाऊन आलो. माझा मावसभाऊ गेला. आम्ही त्याला दादाच म्हणायचो. दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे घरात कापसाचा ढीग असायचा. त्यावर उड्या मारायला त्यानेच शिकवलं, आणि त्यापायी मावशीचा मारही त्यानेच खाल्ला.

मुलीला पुण्याहून यायचं होतं. रजा मागताना ती म्हणाली, "बाबांचे कझिन वारले." साहेब म्हणाले, "अच्छा, म्हणजे लांबचे ना?" रजा काही मिळाली नाही. ती फोनवर हे सांगत होती तेव्हा आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "कझिन म्हंजे? कोन लागते थो?"

"अगं, आपला दादा."

"मंग तसं सांगा ना, माह्या बहिणीचं लेकरू गेलं म्हणून!"

रात्री झोप येईना, म्हणून हा कझिन कुठून आला ते शोधत बसलो. आणि गंमत पाहा... इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचमधून घेतला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. मूळ शब्द कॉन्सोब्रीनुस. त्यात दडलेला आहे 'सोरोर', म्हणजे बहीण. मूळ अर्थ, मावशीचं मूल! चुलतभावाला रोमन लोक पात्रुएलिस म्हणत, आते-मामे भावंडांना अमितीनुस. पुढे हे भेद पुसले गेले आणि सगळेच कझिन झाले.

अंकल-आंटीचंही तेच. अंकल ज्यावरून आला तो आवुंकुलुस म्हणजे मामा. काकाला वेगळा शब्द होता, पात्रुउस. आंट ज्यावरून आला ती अमिता म्हणजे आत्या. आपण ज्यांना सरसकट अंकल-आंटी म्हणतो ते मुळात मामा आणि आत्या!

इंग्रजीही पूर्वी इतकी गरीब नव्हती. जुन्या इंग्रजीत काका, मामा, आत्या, मावशी या चौघांना चार शब्द होते. मामा तो एआम, मावशी ती मोद्रिये. १०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यांच्यामागून फ्रेंच शब्द आले आणि हळूहळू हे चारही शब्द मागे पडले.

आपल्याकडे हा फरक नुसता शब्दांचा नाही. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जातींत मामाची मुलगी करून घेतात, मावसबहीण मात्र बहीणच. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवर १९५३ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात अशा चालीरीतींचा प्रदेशवार विचार आहे. 'कझिन' म्हटलं की यातलं काहीच कळत नाही.

मुलीला मी दोष देत नाही. तिच्या ऑफिसात 'मावसभाऊ' कोणाला कळला असता? पण चार शब्द जायला परकं राज्यच यावं लागतं असं नाही, रोजची सोयही पुरते.

असो. संस्कृतात मावशीला मातृष्वसा म्हणतात, म्हणजे आईची बहीण. त्याचंच प्राकृतात माउस्सिआ झालं आणि मराठीत मावशी. त्यातली 'स्वसा' आणि लॅटिनमधली 'सोरोर' मुळात एकच. म्हणजे मावशीत जी बहीण आहे तीच कझिनमध्येही आहे.

आईला लॅटिन येत नाही. पण त्या शब्दाचा अर्थ तिने बरोबर सांगितला होता... माह्या बहिणीचं लेकरू.