भूल, ऊब आणि कर्करोग

पौषातल्या सकाळी जुन्नर-आंबेगावच्या शाळांत मुले वर्गाबाहेर उन्हाला बसतात. थंडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, अंगावर काटा येतो, कुडकुडायला होते. पण शरीराच्या गाभ्याचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर ही राखण सुटते. भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात, गाभ्यातली उष्णता हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासाभरात गाभ्याचे तापमान एक ते दीड अंशाने उतरते.

इथरची भूल बोस्टनमध्ये १८४६ साली जाहीरपणे दाखवली गेली. पण या घसरणीची किंमत नीट मोजली गेली ती दीडशे वर्षांनी. आंद्रेआ कुर्झ, डॅनियल सेसलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी ३६.६ अंशांवर ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांच्या जखमा चिघळल्या, ३४.७ अंशांपर्यंत उतरलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या.

मग कर्करोगही उलटत असेल का? १९९९ मध्ये भूल दिलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांत थंडीने कर्कपेशी मारणाऱ्या पेशींचे काम मंदावलेले आढळले. पण ते प्राणी होते. २०२२ मध्ये पाच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत ३७ अंशांवर ठेवलेल्यांना ३५.५ अंशांवाल्यांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. मात्र तिथे मुख्यतः ३० दिवसांतली हृदयाची इजा आणि मृत्यू मोजले होते. कर्करोगाचे पुनरागमन नव्हे.

शस्त्रक्रियेच्या त्या तासाचा पुढच्या वर्षांवर परिणाम होऊ शकतो, हे मात्र आपल्याकडेच दिसले. जुन्नरचे रुग्ण माळशेज घाट उतरून मुंबई गाठतात, तिथल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०११ ते २०२२ या काळात स्तनाच्या कर्करोगाच्या १५८३ रुग्णांची चाचणी झाली. गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन हे स्वस्त बधिरीकरणाचे औषध टोचले गेले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले.

उबेबद्दल वरच्या चाचण्यांवरून असे काही म्हणता येत नाही. रुग्णाला फार गार होऊ देऊ नये, यासाठी जखमेचे कारण पुरेसे आहे. ऊब दिल्याने कर्करोग उलटत नाही, असे मात्र आपण म्हणू नये. वर्गात कोणत्याही औषधी बातमीला तीन प्रश्न विचारू: प्रयोग कोणावर झाला? किती काळ? आणि मोजले काय?