प्रकाश-उत्प्रेरकी जलशुद्धीकरण

प्रकाश-उत्प्रेरकी जलशुद्धीकरण ही अर्धसंवाहक पदार्थांच्या नॅनोकणांवर सूर्यप्रकाश पाडून पाण्यातील सेंद्रिय प्रदूषकांचे विघटन करण्याची पद्धत आहे. तीत टायटॅनियम डायऑक्साइडचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. पांढरे रंगद्रव्य म्हणून परिचित असलेला हा पदार्थ स्वस्त, पाण्यात अविद्राव्य व रासायनिकदृष्ट्या स्थिर आहे.

इतिहास

अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होत असल्याचे प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये स्टीव्हन फ्रँक व ॲलन बार्ड यांनी याच पदार्थाच्या भुकटीने पाण्यातील सायनाइडचे ऑक्सिडीकरण करून दाखवले. जलशुद्धीकरणाकडे संशोधन वळले ते मुख्यतः यानंतर.

कार्यपद्धती

पुरेशा ऊर्जेचा प्रकाश शोषला गेल्यावर कणातील इलेक्ट्रॉन संयुजा पट्टातून संवहन पट्टात जातो व मागे धनभारित पोकळी राहते. पोकळीमुळे पृष्ठभागावरील पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनकडे जातो. हा मूलक अतिशय तीव्र ऑक्सिडीकारक असून रंग, कीटकनाशके व औषधांचे अवशेष यांचे रेणू तोडतो. विघटन पूर्ण झाल्यास कार्बन डायऑक्साइड, पाणी व खनिज आयन उरतात. मात्र बहुतेक इलेक्ट्रॉन व पोकळ्या अभिक्रियेपूर्वीच पुन्हा एकत्र येतात. कण सूक्ष्म असल्यास पृष्ठभाग वाढतो आणि त्यांना तेथवर पोहोचण्याचे अंतर घटते.

जड धातू अशा रीतीने नष्ट होत नाहीत. तथापि विषारी षट्‌संयुजी क्रोमियमचे तुलनेने कमी घातक त्रिसंयुजी रूपात क्षपण करता येते.

मर्यादा

ॲनाटेज रूपातील टायटॅनियम डायऑक्साइडचे पट्ट-अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने तो केवळ अतिनील किरण वापरू शकतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो. यावर उपाय म्हणून नायट्रोजनचे मिश्रण केले जाते किंवा दृश्य प्रकाश शोषणारे ग्राफिटी कार्बन नायट्राइड व बिस्मथ व्हॅनाडेट वापरले जातात.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष सावधपणे पाहावे लागतात. चाचणीसाठी बहुधा मिथिलीन ब्ल्यू हा रंग घेतात. पण तो स्वतःच प्रकाश शोषतो, आणि पाणी रंगहीन झाले म्हणजे ते शुद्ध झाले असे नव्हे. मधली संयुगे मूळ प्रदूषकापेक्षा विषारी असू शकतात, म्हणून एकूण सेंद्रिय कार्बनही मोजणे आवश्यक ठरते. प्रत्यक्ष सांडपाण्यातील गढूळपणा प्रकाश अडवतो, तर बायकार्बोनेट आयन मूलक वाया घालवतात.

शुद्धीकरणानंतर नॅनोकण पाण्यातून वेगळे काढणे, ही आणखी एक अडचण. काच किंवा सिरॅमिकवर थर दिल्यास ती टळते, मात्र उपलब्ध पृष्ठभाग घटून वेग मंदावतो. स्पेनमधील आल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात परावर्तक लावलेल्या काचनळ्यांतून पाणी फिरवून मोठ्या प्रमाणावरील प्रयोग झाले आहेत.