रंग वाळण्याआधी

दिवाळीतल्या किल्ल्यावर माझ्याकडे मातीचा एक मावळा असायचा. त्याच्या गालावर लाल ठिपका, आणि ठिपक्याची कड अगदी ठसठशीत. ती कड मला खटकायची. आज पुण्यातल्या माझ्या टेबलावर २८ मिलिमीटरचा घोडेस्वार उभा आहे आणि त्याच्या गालावरची तीच कड मी पुसू पाहते आहे. अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर मिनिटभरात वाळतो. म्हणूनच या चिमुकल्या मूर्तींच्या रंगकामाचा इतिहास मला रंग वाळण्याच्या वेळेचा इतिहास वाटतो.

न्यूर्नबर्गच्या एर्न्स्ट हाइनरिक्सननी १८४८ मध्ये कथलाच्या चपट्या सैनिकांसाठी ३० मिलिमीटरचं माप रूढ केलं. अंग पत्र्यासारखं सपाट, त्यामुळे छातीची, गालाची गोलाई रंगानेच भासवायची. हौशी रंगकर्मींना तिथे तैलरंग फार उपयोगी पडले. ते तासन् तास ओले राहतात. दोन छटा शेजारी लावायच्या आणि त्यांच्या सीमेवरून कोरडा ब्रश हलकेच फिरवायचा. कड विरून जाते.

१९५५ मध्ये अमेरिकेत लिक्विटेक्सचे पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग आले. टर्पेंटाइनचा वास गेला, ब्रश नळाखाली धुता येऊ लागला. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूआर्कला सिटाडेल मिनिएचर्स सुरू झाली. युद्धखेळांच्या मूर्ती घरोघरी पोचल्या, तसं अ‍ॅक्रिलिकही रुळलं. सोय मिळाली, पण सवड गेली.

ती भरून काढायला लोकांनी ओली पॅलेट वापरली: डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बटर पेपर. रंगात भरपूर पाणी घालायचं, ब्रश टिपून घ्यायचा आणि जिथे छटा गडद हवी तिकडे ओढत न्यायचा. ब्रश उचलला जातो तिथे रंग जास्त साचतो. असे सात-आठ थर, प्रत्येक वाळू देऊन.

ही रीत जुनीच आहे. युरोपात अंड्याच्या बलकात कालवलेला रंगही असाच झटकन वाळायचा. चित्रकार केसाएवढ्या रेषा शेजारी शेजारी ओढत. आपल्याकडे मुघल आणि राजस्थानी लघुचित्रकार डिंकात रंग कालवून, खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने बारीक रेषा-ठिपके भरत. त्याला ते परदाज म्हणत. रंग कागदावर वेगळे राहत. ते मिसळत पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

काल रात्री घोडेस्वाराच्या गालावर मी अशाच चाळीसेक रेषा ओढल्या. हातभर अंतरावरून आता लाली कुठे सुरू होते ते सापडत नाही.