तबकडीचा क्षीण स्वर आणि त्याचें वर्धन

नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी असतां, १६ जुलै १९४८ रोजीं तेथें नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. मुंबईचें ध्वनिक्षेपण १९२७ सालींच सुरू झालेलें होतें. म्हणजे विदर्भाला स्वतःचें केंद्र लाभण्यास त्यानंतर २१ वर्षें लागलीं. त्याच्या आदल्याच महिन्यांत दूर न्यूयॉर्क शहरीं दोन नव्या वस्तू जगापुढें मांडण्यांत आल्या. एक, कोलंबिया कंपनीची मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी. दुसरी, बेल प्रयोगशाळेंतील ट्रान्झिस्टर. त्या वेळीं या दोन गोष्टींकडे नागपूरकरांचें लक्ष जाण्याचें कांहींच कारण नव्हतें. परंतु घरांत बसून गाणें ऐकण्याची रीत पुढें पालटली ती या वस्तूंमुळेंच. आणि या पालटाच्या मध्यभागीं एक लहानशी पेटी उभी आहे. तिला प्री-अँप्लिफायर म्हणतात.

ही पेटी समजून घेण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. हिंदुस्थानांत पहिल्या तबकड्या १९०२ सालीं कलकत्त्यास मुद्रित झाल्या. त्या काळीं या कामांत विजेचा संबंध नव्हता. गायकानें कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून मोठ्यानें गावें, त्या आवाजाच्या धक्क्यानें पडदा हलावा, आणि पडद्यास जोडलेल्या सुईनें मेणांत रेघ कोरावी, एवढाच तो व्यवहार. घरीं चावीच्या ग्रामोफोनवर हीच क्रिया उलट घडे. तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख मध्यप्रांताच्या जंगलांतही पिकत असे. १९२५ पासून मायक्रोफोन व व्हॉल्व्ह यांच्या साहाय्यानें विजेवर मुद्रण होऊं लागलें. मग घरांतही सुईचें कंपन विजेंत रूपांतरित करणारा पिकअप आला. त्यांतील स्फटिकाचा पिकअप अर्ध्या व्होल्टाच्या आसपास वीज देई. ती रेडिओच्या मागील खांचेंत जोडली कीं रेडिओच गाऊं लागे. निराळ्या पेटीची गरज पडत नसे.

दीर्घ तबकडीची रेघ मात्र फार बारीक. तिच्यावर जड सुई चालेना. तिच्यासाठीं जे हलके चुंबकी पिकअप रूढ झाले ते आवाजानें निर्मळ, पण बळानें अगदीं दुबळे. त्यांतून ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टाच्या हजारांश भागाच्या तीन ते पांचपट एवढीच वीज निघते. फिरत्या वेटोळ्याच्या पिकअपांतून तर अर्धा मिलिव्होल्टही कष्टानें मिळतो. हा क्षीण स्वर शंभरपट, प्रसंगीं हजारपट वाढवून मुख्य अँप्लिफायरच्या स्वाधीन करणें हें प्री-अँप्लिफायरचें पहिलें काम होय.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. साखळीच्या पहिल्या पायरीवर जो दोष शिरतो तो पुढील प्रत्येक पायरीवर स्वराबरोबरच वाढत जातो. विरजणच नासकें निघालें तर हंडाभर दूध बिघडतें, तसाच हा प्रकार. १८ मे १९८८ रोजीं आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या १० लाख वॅट शक्तीच्या प्रक्षेपकावरून सुरू झाली. ती वाहिनी पुढें बंद झाली. पण तिचा दाखला बोलका आहे. मायक्रोफोनमधून निघणारी कांहीं मिलिव्होल्टांची वीज शेवटीं एवढ्या प्रचंड शक्तीवर स्वार होई. आरंभींच तींत गुणगुण मिसळली असती, तर रात्रीं देशभर तीच ऐकूं गेली असती. म्हणूनच उत्तम प्रतीच्या प्री-अँप्लिफायरमध्यें वीजपुरवठ्याचा भाग वेगळ्या पेटींत ठेवतात. घरच्या विजेचीं दर सेकंदास ५० आवर्तनें नाजूक स्वराला शिवूं नयेत हा त्यांतील हेतु.

तंबोऱ्याचा भोपळाही तारेचा स्वर वाढवितो. पण तो आपला रंग त्यांत मिसळतो, आणि मिरजेचे कारागीर तो रंग साधण्यासाठींच खपतात. प्री-अँप्लिफायरनें मात्र स्वतःचें असें कांहींच मिसळतां कामा नये.

त्याचें दुसरें काम याहून सूक्ष्म आहे. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर रेघ इतकी रुंद डोलते कीं शेजारच्या रेघेंत घुसावी. आणि तीव्र स्वर तसेच ठेवले तर ते पृष्ठभागाच्या खरखरींत बुडून जावेत. यास्तव कोरतांना खर्ज दाबतात व तीव्र स्वर उचलतात. ऐकवितांना याच्या नेमकें उलट करावें लागतें. पूर्वीं प्रत्येक कंपनीचें प्रमाण निराळें असे. १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेनें एक प्रमाण ठरविलें, आणि तेंच पुढें बहुतेक जगानें मान्य केलें. त्या प्रमाणानुसार, हजार आवर्तनांच्या स्वराशीं तुलना करतां, वीस आवर्तनांचा खर्ज सुमारें नऊपट वाढवावा लागतो आणि वीस हजार आवर्तनांचा स्वर जवळजवळ तितकाच उतरवावा लागतो.

जुन्या मराठी घरांतील संग्रहाचा प्रश्न येथेंच उभा राहतो. अब्दुल करीम खांसाहेबांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमारास कर्ण्यांतून मुद्रित झाल्या. पुढच्या १९३० नंतरच्या दशकांत विजेवर. गायक एकच, पण दोहोंस मोजमाप निराळें. कर्ण्याच्या काळीं विजेनें खर्ज दाबलेलाच नव्हता. मग १९५४ च्या प्रमाणानें तो वाढविला तर घरघर तेवढी मोठी होते, आणि तीव्र स्वर उतरविल्यामुळें गळ्याचें तेज मावळतें. ऐकणाऱ्यास वाटतें, जुने गवई असेच गात असावेत! दोष गायकाचा नसून कळ चुकीच्या जागीं असल्याचा आहे. म्हणून उंची प्री-अँप्लिफायरांत हें प्रमाण बदलण्याची कळ असते. तसेंच डावा व उजवा मार्ग एकत्र करणारीही कळ असते, जिच्यामुळें जुन्या एकमार्गी तबकडीची पुष्कळशी खरखर आपोआप गळते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीस सुईही जाडच लागते.

वापराचे नियम थोडे, पण पाळावयाचे. प्रथम प्री-अँप्लिफायर लावावा, मग मुख्य अँप्लिफायर. बंद करतांना क्रम उलटा, नाहींतर कर्कश धक्का कर्ण्यास बसतो. आवाज उतरवूनच सुई ठेवावी. व्हॉल्व्हची पेटी स्वतःच तापते. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां तिच्यावर कापड अगर पुस्तकें ठेवूं नयेत. तबकड्या त्याच उन्हाळ्यांत वांकतात. त्या उभ्याच ठेवाव्यात.

अलीकडे घरोघरच्या जुन्या तबकड्या संगणकांत उतरविण्याचा उद्योग चालला आहे, आणि तो स्तुत्य आहे. मात्र मूळ तबकडी पुष्कळदां त्यानंतर फुटते, हरवते किंवा रद्दींत जाते, आणि नातवंडांच्या हातीं उतरविलेली प्रतच उरते. ती प्रत करतांना कळ चुकली असेल, तर पुढच्या पिढीला खांसाहेबांचा गळा मंद व घोगराच ठाऊक राहील. तेव्हां सुई ठेवण्यापूर्वीं तबकडीवरील कागदी चकती वाचून तिचा काळ पाहावा, कळ त्या काळास अनुरूप करावी, आणि कोणत्या प्रमाणानें प्रत केली तें तिच्यासोबत लिहून ठेवावें.