पासवर्ड शाबूत, खाते परहस्ते : ‘फायरशीप’ची गोष्ट

१/ ऑक्टोबर २०१०. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे भरलेल्या टूरकॉन या संगणक-सुरक्षा परिषदेत एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरफॉक्स ब्राउझरसाठी ‘फायरशीप’ नावाचे एक्स्टेन्शन सर्वांना खुले केले. पहिल्याच दिवसात ते लाखाहून अधिक वेळा डाउनलोड झाले.

२/ ते वापरणे कोणालाही जमण्याजोगे होते. कॅफेतील बिनपासवर्डच्या वाय-फायला जोडून घ्यायचे आणि एक बटण दाबायचे. आजूबाजूच्या लोकांची फेसबुक-ट्विटरवरील नावे व छायाचित्रे कडेला उमटू लागत. नावावर दोनदा क्लिक केले की ते खाते उघडे! पासवर्ड मात्र कोणाचाच चोरीला गेलेला नसे.

३/ या प्रकाराचे मूळ १९९४ सालात आहे. वेबचा पायाभूत नियम, एचटीटीपी, विसराळू आहे : प्रत्येक विनंती सर्व्हरला नवीच वाटते. नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी त्या वर्षी यावर ‘कुकी’चा तोडगा काढला. ऑनलाइन दुकानातील खरेदीची टोपली लक्षात राहावी, हा त्यामागचा हेतू.

४/ पुढे हीच कुकी ओळखीचा पुरावा बनली. पासवर्ड एकदाच तपासला जातो. मग सर्व्हर एक गुप्त क्रमांक देतो आणि ब्राउझर तो प्रत्येक विनंतीसोबत दाखवतो. सर्व्हर माणूस पाहत नाही, क्रमांक पाहतो. त्या क्रमांकाची चोरी म्हणजे सेशन हायजॅकिंग.

५/ इतिहासाच्या वाचकाला हे अपरिचित वाटू नये. १७१७च्या फर्मानानंतर ईस्ट इंडिया कंपनीचा माल दस्तक दाखवून बंगालमध्ये जकातीविना जाई. कंपनीच्या नोकरांनी तीच दस्तके स्वतःच्या खासगी व्यापारासाठी वापरली. कागद अस्सल असे. हक्क मात्र दाखवणाऱ्याचा नसे.

६/ २०१०मध्ये अनेक मोठी संकेतस्थळे केवळ लॉगिनच्या वेळी एन्क्रिप्शन वापरत. त्यानंतर कुकी हवेतून उघडीच फिरे. रॉबर्ट ग्रॅहम यांनी २००७मध्येच ब्लॅक हॅट परिषदेत हा धोका प्रात्यक्षिकासह दाखवला होता. सतत एन्क्रिप्शन ठेवणे अशक्यही नव्हते : जानेवारी २०१०पासून जीमेल तसेच चालत होते.

७/ मग बटलर यांनी चोरांच्या हाती शस्त्र दिले काय? टीका झालीच. त्यांची भूमिका अशी की, हे भगदाड जाणकारांना आधीपासून ठाऊक होते. अंधारात होते ते सामान्य वापरकर्ते, आणि त्यांच्या रक्षणाची जबाबदारी संकेतस्थळांची होती.

८/ पुढचा घटनाक्रम बोलका आहे. फेसबुकने जानेवारी २०११मध्ये आणि ट्विटरने मार्चमध्ये सर्वकाळ एचटीटीपीएसचा पर्याय दिला. फेसबुकवर तो सर्वांसाठी आपोआप लागू होण्यास मात्र २०१३ उजाडले.

९/ एन्क्रिप्शनने वाट सुरक्षित केली. ‘क्रमांक ज्याच्या हाती, तो खातेदार’ हे तत्त्व तसेच राहिले. सप्टेंबर २०१८मध्ये फेसबुकच्याच ‘व्ह्यू अ‍ॅज’ सुविधेतील दोषांतून सुमारे ३ कोटी खात्यांची टोकन चोरीस गेली. तेव्हाही पासवर्ड शाबूतच होते. कंपनीने सुमारे ९ कोटी खात्यांना सक्तीने लॉगआउट केले, कारण चोरीला गेलेल्या दस्तकावर उपाय एकच : ते रद्द करणे.